छायाचित्रकाराने लिहावे काय?



या व्याख्यानमालेशी आमचा संबंध फार जुना आहे. परंतु तो व्यासपीठाच्या खालचा. वक्त्याच्या डाव्या बाजूस, पहिल्या रांगेतील मंडळींना अडचण होणार नाही अशा बेताने उभे राहावयाचे, आणि वक्त्याने हात उंचावला की बटण दाबावयाचे, एवढीच आमची कामगिरी. अशी चाळीसहून अधिक वर्षे आम्ही येथील व्याख्याने ऐकत आलो. निम्मीच ऐकली म्हणा ना. कारण फोटो काढणाऱ्याचे कान त्या वेळी डोळ्यांच्या चाकरीत असतात. यंदा चालकांनी आम्हालाच वर बोलाविले, तेव्हा प्रथम वाटले की श्रोत्यांचा फोटो वरून हवा असेल.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. आम्ही ‘आम्ही’ म्हणतो ते मोठेपणा म्हणून नव्हे. वडील, आम्ही आणि धाकटा भाऊ अशा तिघांनी मिळून हे दुकान चालविले, आणि कोणता फोटो कोणाच्या हातचा हे पुष्कळदा आमचे आम्हालाच सांगता येत नाही. तेव्हा बोलणार ते दुकानच बोलणार असे समजा.

विषय आमचा आम्हीच निवडला आहे. अलीकडे कॅमेरा घेतलेली जी तरुण मुले आमच्याकडे येऊन बसतात, जालन्याची, अंबडची, भोकरदन-परतूरकडची, त्यांचा एक प्रश्न हटकून असतो. “काका, नुसते फोटो दाखवून भागत नाही म्हणतात. प्रत्येक फोटोसोबत काहीतरी लिहायला पाहिजे. कुठे काढला, कसा काढला, काय वाटलं. पण त्यात रोजचा दीड तास जातो. एवढा वेळ घालवण्यात अर्थ आहे का?” प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याच्या पोटात दोन निरनिराळे प्रश्न आहेत. लिहिल्याने धंदा वाढतो काय, हा एक; आणि लिहिल्याने फोटोचे काही भले होते काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आम्हाला अनुभवाने ठाऊक आहे आणि ते फारसे उत्साहवर्धक नाही. तेव्हा तेच आधी सांगून मोकळे होतो.

आमच्या दुकानाच्या दर्शनी बाजूस काचेचे कपाट आहे. पूर्वी त्यात नवरानवरीचे आणि बाळांचे हाताने रंगविलेले मोठे फोटो असत. मध्यंतरी सुमारे दोन वर्षे आम्ही असा परिपाठ ठेवला की दर रविवारी त्या कपाटात एकच फोटो लावावयाचा, आणि त्याखाली फुलस्केपच्या एका पानावर, सुवाच्य अक्षरात, त्याची हकिगत लिहावयाची. राजूरच्या गणपतीची चतुर्थीची गर्दी, मोंढ्यातले हमाल, मोती तलावावरची सकाळ, असे विषय. लोक थांबून वाचीत. एक निवृत्त गुरुजी दर सोमवारी नेमाने येऊन ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दाखवून जात. आमची मात्र शनिवारची रात्र त्यात जाई, कारण लिहिण्याची सवय नाही. एक वाक्य लिहावे, दोन खोडावीत, असा प्रकार. आता हिशोब ऐका. त्या दोन वर्षांत त्या पानामुळे आम्हाला लग्ने मिळाली किती? एक. आणि त्या यजमानांनीही पान वाचलेले नव्हते; दारात गर्दी दिसली म्हणून ते आत आले होते.

म्हणून धंद्यासाठी लिहू पाहणाऱ्यांना आमचे सांगणे असे, की तो दीड तास अल्बम कबूल केलेल्या दिवशी देण्यात घालवा. वेळेवर अल्बम देणाऱ्या फोटोग्राफरची कीर्ती कोणत्याही लेखापेक्षा लवकर पसरते, कारण असा फोटोग्राफर पंचक्रोशीत दुर्मीळ असतो. अपवाद असतील. मोठ्या शहरात, जेथे गिऱ्हाईक फोटोग्राफरला ओळखत नाही, तेथे लेखनाने ओळख होत असेल. आमच्याकडे गिऱ्हाईक आमच्या मामालासुद्धा ओळखते.

येथवर ऐकून कोणास वाटेल, मग व्याख्यान संपलेच. परंतु दुसरा प्रश्न राहिला, आणि तोच आम्हाला झोप येऊ देत नाही.

आमच्या वडिलांनी दुकान काढले ते पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राजवटीतून सुटला; वडिलांची शाळा त्याआधीची, म्हणजे उर्दू माध्यमाची. त्यामुळे आमच्या दुकानाच्या पहिल्या वहीची सुरुवातीची पाने उर्दूत आहेत आणि पुढची मराठीत. ही वही म्हणजे काय ते तरुणांना ठाऊक नसेल. जुन्या स्टुडिओत प्रत्येक निगेटिव्हच्या कडेला काळ्या शाईने नंबर घालीत. तोच नंबर वहीत मांडून पुढे गिऱ्हाइकाचे नाव, गाव, तारीख, कोणत्या साइजच्या किती प्रती, जमा किती, बाकी किती, हे लिहीत. पुढेमागे कोणी आणखी प्रत मागितली तर निगेटिव्ह चटकन सापडावी, एवढाच त्यातला हेतू. वडील मात्र शेवटच्या रकान्यात, जेथे ‘शेरा’ असे छापलेले असे, कधीकधी दोन शब्द जास्त लिहीत. ‘मुलगी दाखविण्यासाठी.’ ‘मुलगा मिलिटरीत चालला.’ ‘आजी आजारी, घरी जाऊन काढला.’ आणि पुष्कळ ठिकाणी, ‘कोट दुकानाचा.’ दुकानात एक काळा कोट खुंटीला टांगलेला असे. ज्याला हवा त्याने घालावा आणि फोटो झाला की परत टांगावा. त्या एका कोटात जालन्याची अख्खी पिढी सुटाबुटात दिसते. शेरा नसता तर पुढच्या संशोधकाने आमच्या गावाच्या श्रीमंतीविषयी काय अनुमान काढले असते, कोण जाणे.

अशा सात वह्या होत्या. आज तीन आहेत. उरलेल्या चार आम्ही स्वतः रद्दीत विकल्या. १९९१ साली दुकानाला रंग द्यावयाचा होता, माळा रिकामा करावयाचा होता, वडील थकून घरी बसले होते, आणि रंगीत फोटोंचे काम इतके वाढले होते की जुन्या वह्या उघडण्यास कोणास सवड नव्हती. निगेटिव्ह आम्ही टाकल्या नाहीत. त्या बिस्किटांच्या डब्यांत नीट ठेवल्या. कारण आमच्या मते निगेटिव्ह हा माल होता आणि वही हा कागद. रद्दीवाल्याने काय भाव दिला ते आठवत नाही. आठवले असते तरी येथे सांगितले नसते. गेलेल्या चार वह्या १९६६ पासून १९७९ पर्यंतच्या होत्या.

या सालांमध्ये १९७२ येते, हे आपणांपैकी वडीलधाऱ्यांच्या ध्यानात आलेच असेल. त्या दुष्काळाविषयी आम्ही नव्याने काय सांगणार? मिलो खाल्लेली, सुकडीसाठी रांगेत उभी राहिलेली माणसे या मंडपात बसली आहेत. १९७३ च्या मे महिन्यात साऱ्या महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. त्या उन्हाळ्यात वडिलांनी सायकलवर दोन भिंगांचा कॅमेरा टाकला आणि जवळपासच्या खडीच्या कामांवर जाऊन तीन रिळे काढली. कोणी सांगितले नव्हते, कोणी पैसे दिले नव्हते. १२० च्या रिळावर १२ फोटो येतात. तीन रिळांचे ३६. त्यातले ५ वाया गेले. ३१ शिल्लक आहेत. हातोडी उगारलेल्या बायका, कपाळावर पदर ओढलेल्या; खडीच्या ढिगाच्या सावलीला निजविलेली पोरे; मापाची चौकट टाकून उभा असलेला मुकादम. प्रत्येक निगेटिव्हच्या कडेला वडिलांच्या हातचा नंबर आहे. तो नंबर ज्या वहीकडे बोट दाखवितो ती वही नाही.

गेल्या वर्षी एक बाई दुकानात आल्या. वय पंचावन्नच्या पुढेमागे. बरोबर नातू होता. म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या वडिलांनी दुष्काळात खडीवरल्या बायांचे फोटो काढले होते म्हणतात. माझी माय होती त्या कामावर. मी तीन वर्साची होते. दोन वर्सानं माय गेली. तिचा फोटो कधी निघालाच न्हाई. तुमच्यापाशी असंल तर बघते.” आम्ही ३१ च्या ३१ फोटो टेबलावर मांडले. बाईंनी एकेक हातात घेतला, खिडकीशी नेला, परत ठेवला. तासभर हे चालले होते. मग म्हणाल्या, “ओळखू कशी? मी तिला पाह्यलंच न्हाई की.” त्यांना वाटले होते की आम्ही सांगू, आणि आम्हाला वाटले होते की त्या ओळखतील. त्या ३१ फोटोंत त्यांची आई असेल किंवा नसेलही. वडिलांनी नावे विचारून लिहिली असणार, याविषयी आम्हाला शंका नाही. त्यांची ती सवय होती. सरकारच्या मस्टरवर त्या बायकांची नावे होती, चेहरे नव्हते. आमच्याकडे चेहरे आहेत. नावेही होती, ती आम्ही किलोच्या भावाने दिली.

बाई गेल्यावर आम्ही कपाटातली ती साप्ताहिक पाने पुन्हा काढून वाचली. मोती तलावावरच्या सकाळीविषयी आम्ही पानभर लिहिले होते, धुके, पाणी, पक्षी. त्या फोटोत काठावर एक मनुष्य म्हैस धूत आहे. त्याचे नाव आम्ही लिहिलेले नाही. विचारलेच नव्हते.

आमच्या भागात असे प्रथमच घडले असेही नाही. राजा दीनदयाळ हे नाव आपण ऐकले असेल. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार, हिंदुस्थानातील त्या काळचे पहिल्या प्रतीचे कारागीर. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात औरंगाबाद भागात निजाम सरकारने जे मदतकार्य चालविले त्याचे फोटो त्यांच्या स्टुडिओने काढले. जालना तेव्हा औरंगाबादमध्येच मोडत असे. आपला जिल्हा स्वतंत्र झाला तो १ मे १९८१ रोजी. ते फोटो आजही पाहावयास मिळतात. रांगेने बसविलेली माणसे, उघड्या बरगड्या, कडेला उभे अंमलदार. फोटो इतके स्वच्छ आहेत की एकेका माणसाच्या हाडांचा हिशोब करावा. मजकूर आहे तो ठिकाणाचा आणि मदतीच्या व्यवस्थेचा. रांगेतल्या माणसाचे नाव मिळत नाही. दीनदयाळांच्या स्टुडिओच्या २,८५७ काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवल्या आहेत आणि ते योग्यच झाले. राजेरजवाड्यांना, साहेबांना त्यांवरून ओळखता येते. दुष्काळाच्या रांगेतला मनुष्य दुष्काळाची खूण म्हणूनच राहिला.

कोणी म्हणेल, कलावंताने लिहीत का बसावे, चित्र स्वतःच बोलते. हे वाक्य आम्हीही तरुणपणी फार वापरले. अमेरिकेतल्या डोरोथिया लँग या बाईंचे एक छायाचित्र जगात बहुधा सर्वांत अधिक ‘बोललेले’ आहे. १९३६ साली कॅलिफोर्नियात वाटाण्याच्या शेतावर मजुरीला आलेली एक आई, दोन्ही खांद्यांवर मान टाकलेली मुले, मांडीवर तान्हे. लँगबाई एरवी टिपणे ठेवण्याविषयी फार काटेकोर. अर्थशास्त्रज्ञ पतीबरोबर हिंडून मजुरांचे शब्द त्या जसेच्या तसे उतरवून घेत, आणि १९३९ साली दोघांनी मिळून त्यांचे पुस्तकही केले. परंतु त्या दिवशी त्या घाईत होत्या. नाव विचारले नाही. पुढे त्यांनी स्वतःच तसे लिहून ठेवले आहे. फोटो वर्तमानपत्रात गेला, सरकारने त्या छावणीला धान्य धाडले. तोवर ते कुटुंब तेथून पुढे निघून गेले होते. त्या आईचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, हे जगाला कळले १९७८ साली, बेचाळीस वर्षांनी. आणि कळले ते तिच्या तक्रारीमुळे. आपल्या फोटोचे एवढे नाव झाले, आपल्याला त्यातून काही मिळाले नाही, असे तिचे म्हणणे. ती मूळच्या चेरोकी जमातीची, हेही तोवर कोणास ठाऊक नव्हते. आपली मोटार चालविण्याचे टायर तिने विकून खाल्ले, असे जे लँगबाईंनी लिहिले होते, तेही खरे नाही असे घरच्यांचे म्हणणे पडले. चित्र बोलले खरे, पण त्या बाईविषयी जवळजवळ काहीच बोलले नाही. आणि जे थोडे टिपले गेले तेही कदाचित चुकीचे टिपले गेले.

आता आमच्याच हातून झालेला एक गुन्हा सांगतो. गुन्हा हाच शब्द बरोबर आहे.

२०१२-१३ चा दुष्काळ आठवा. आपल्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा त्या साली उभ्या वाळल्या. पोटच्या पोरासारखी वाढविलेली झाडे माणसांनी कुऱ्हाड लावून तोडली आणि सरपण म्हणून विकली. २०१३ च्या मे महिन्यात आम्ही अंबड तालुक्यात अशाच एका बागेत होतो. शेतकरी सकाळपासून झाडे तोडीत होता. दमला, बांधावर बसला, कपाळाचा घाम निपटण्यास हात डोक्याला लावला. आम्ही बटण दाबले. फोटो चांगला आला, हे त्याच क्षणी कळले. फोटोग्राफरला ते कळते आणि त्याचा आनंदही होतो; समोर काय चालले आहे याचा त्या आनंदाशी काही संबंध नसतो. ओळखीच्या एका वार्ताहराला आम्ही तीन फोटो पाठविले, ‘दुष्काळ १’, ‘दुष्काळ २’, ‘दुष्काळ ३’ अशा नावांनी. नाव, गाव, काही नाही. त्याने आणखी कोणाला दिले, त्याने आणखी कोणाला. वर्षभराने तो फोटो एका ठिकाणी छापून आला, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरील लेखाच्या मध्यभागी. आणि खाली तीन शब्द होते, ‘जीवनयात्रा संपविलेला शेतकरी’.

तो मनुष्य ते पान हातात घेऊन आमच्या दुकानात आला. बाकड्यावर बसला. म्हणाला, “भाऊ, मी जित्ता हाय.” मग सांगू लागला. मुलीच्या सासरी कोणीतरी ते पान दाखविले होते. ती रात्रीच्या एस.टी.ने रडत माहेरी आली, तर बाप ओसरीवर जेवीत बसलेला. गावातले लोक त्याला थट्टेने ‘मयत’ म्हणू लागले. सोसायटीत कर्जाची चौकशी करावयास गेला तर तेथला कारकून हसला. हे सगळे सांगून झाल्यावर त्याने विचारले, “तुम्ही फोटोखाली काय लिहिलं होतं?” आम्ही म्हणालो, काहीच लिहिले नव्हते. त्यावर तो म्हणाला, “मंग तुम्ही न्हाई लिहिलं, म्हून त्यायनी लिहिलं.”

आम्ही त्या छापणारांकडे पत्र धाडले. पंधरा दिवसांनी आतल्या पानावर दोन ओळींची दिलगिरी आली. तिच्यासोबत अर्थातच फोटो नव्हता, त्यामुळे दिलगिरी कोणाविषयी आहे हे वाचणाऱ्याला कळण्याचा संभव नव्हता.

त्या दिवसापासून आम्ही पुन्हा वही घातली आहे. लग्नकार्याची नव्हे, त्याला बिलबुक पुरते. बाहेर काढलेल्या फोटोंची. तरुण मंडळी म्हणतात, काका, आताचा कॅमेरा तारीख-वेळ स्वतःच लिहून ठेवतो, कशाला वही? खरे आहे; फाइलच्या पोटातच मजकूर लिहिण्याचीही सोय असते आणि ती जरूर वापरावी. परंतु व्हॉट्सॲपवरून एकदा फोटो फिरला की पोटातले हे सारे गळून पडते, हे त्यांनाही ठाऊक आहे. शिवाय कॅमेऱ्याचे घड्याळ कोणी लावलेले नसते. आमच्या पुतण्याच्या कॅमेऱ्याप्रमाणे त्याचे स्वतःचे लग्न १ जानेवारी २००० रोजी, म्हणजे तो चौथीत असताना झाले. आणि घड्याळ बरोबर असले तरी समोरच्या माणसाला नाव विचारण्याचे काम यंत्र करीत नाही. ते तोंडानेच करावे लागते.

वहीत लिहावयाचे काय? नाव, गाव, तारीख. फोटोच्या आधी काय चालले होते आणि नंतर काय झाले, याच्या दोन ओळी. तो मनुष्य काही बोलला असेल तर त्याच्याच शब्दांत. ‘झाडे तोडून दमला म्हणून बसला आहे’ एवढे एक वाक्य आम्ही लिहिले असते, तर त्या मुलीची ती रात्र टळली असती. या लिहिण्याला तीन मिनिटे लागतात. दिवसाकाठी चार चांगले फोटो मिळाले, आणि तेवढे मिळाले तर तो भाग्याचा दिवस, तर बारा मिनिटे. ती त्याच दिवशी, शक्य तर तेथेच, झाडाखाली बसून खर्चावी. दुसऱ्या दिवशी गावांची नावे एकमेकांत मिसळतात.

जे लिहू नये त्याविषयी आम्हाला जास्त सांगता येईल, कारण ते सगळे आम्ही लिहून पाहिले आहे. कोणते भिंग, किती उघडले, किती वेळ, हे समव्यावसायिकांत चहापुरते ठीक. वाचणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. आपल्याला पाहताना काय वाटले, हेही थोडक्यात आटोपावे. आणि काव्य तर मुळीच नको. म्हाताऱ्या मनुष्याचा सुरकुतलेला चेहरा दिसला की त्याखाली ‘आयुष्याची संध्याकाळ’ असे लिहिण्याची जी रीत पडली आहे, ती कायद्याने बंद केली पाहिजे. त्या आजोबांना आपली संध्याकाळ झाल्याची वार्ता नसते. ते दुसऱ्या दिवशी बैलबाजारात भाव करताना भेटतात.

कैलासवासी गौतम राजाध्यक्ष हे आपल्याकडचे मोठे छायाचित्रकार. २०११ साली ते गेले. नट-नट्यांचे, गायकांचे फोटो त्यांनी काढले, आणि ‘चेहरे’ या पुस्तकात त्या माणसांविषयी लिहिलेही. आमच्या मनात नेहमी येते की ज्यांची नावे साऱ्या देशाला पाठ त्यांच्याविषयी लिहिणारा मिळाला, हे चांगलेच झाले. पण ज्यांचे नाव फोटोखाली न लिहिले तर कधीच कळणार नाही, त्यांचे काय? पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात चेहऱ्यांचा एक विभाग आहे. त्यात जिल्ह्याजिल्ह्यांतल्या साध्या माणसांचे फोटो असून त्यांच्याखाली नाव, काम आणि गाव लिहिलेले असते. तो पाहताना आम्हाला वडिलांच्या वहीची आठवण झाली, एवढेच सांगतो.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. काही नावे लिहिण्याने माणसाचे नुकसान होते. मार खाल्लेली बाई, कर्जात बुडालेला मनुष्य, लहान मूल, यांची नावे गावभर करावीत काय? नाही. परंतु लिहिणे निराळे आणि छापणे निराळे. वहीत लिहावे, वही कपाटात ठेवावी, आणि छापण्याआधी त्या माणसाला विचारावे. त्याने नको म्हटले तर छापू नये. फोटोसुद्धा नको म्हटला तर तोही छापू नये. त्या शेतकऱ्याला आम्ही विचारलेच नव्हते, हा आमच्या गुन्ह्याचा दुसरा भाग आहे.

लिहिण्याने फोटोचे भले होते म्हणजे काय, याचा एक सुखाचाही मासला देतो. नाहीतर आपण म्हणाल, हा मनुष्य सारखा रडगाणेच गातो. जालन्याजवळचे कडवंची आपणा सर्वांस ठाऊक आहे. १९९६ पासून तेथे पाणलोटाचे काम झाले, पुढे शेततळी झाली, द्राक्षांच्या बागा उभ्या राहिल्या. त्या बागांचा हिरवागार फोटो आमच्याकडे आहे. नुसता पाहिला तर कॅलेंडरावर शोभेल, त्याहून अधिक काही नाही. परंतु वहीत त्याच्यासमोर तारीख आहे २०१३ च्या उन्हाळ्याची. ज्या उन्हाळ्यात अंबडकडे कुऱ्हाडी चालू होत्या, त्याच उन्हाळ्यात हे हिरवे होते. एवढे कळल्यावर तो फोटो पाहणारा मनुष्य पाणी, बांध, शेततळे यांविषयी विचारू लागतो. एकदा एका गावच्या सरपंचांनी तो फोटो तारखेसह मागून नेला आणि ग्रामसभेत लावला. तारीख नसती तर त्यांनी तो आपल्या बैठकीत लावला असता.

आणखी एक गोष्ट धंद्याच्या दृष्टीने सांगण्यासारखी आहे. वकील मंडळी बसली आहेत, चुकले तर सांभाळून घ्यावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, गिऱ्हाइकाने मोबदला देऊन फोटो काढवून घेतला, तर निराळा करार नसल्यास त्या फोटोचा पहिला मालक गिऱ्हाईक असतो. म्हणजे आयुष्यभर काढलेल्या लग्नांतले आमचे काहीच नाही. जे आपल्या हौसेने, पदरच्या रिळावर काढले तेवढेच आमचे. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यावरचा हक्क काढणाऱ्याच्या हयातीनंतरही ६० वर्षे चालतो. वडिलांचे ते ३१ फोटो त्या हिशोबाने अजून पुष्कळ वर्षे घरचेच राहतील. पण त्यांतल्या कोणत्या बाईच्या घरी प्रत पोचवावी हे कळत नसेल, तर तो हक्क घेऊन आम्ही काय करावे, हे कायद्यात दिलेले नाही.

तेव्हा आता आमची विनंती ऐका. खरे पाहता तेवढ्यासाठीच आम्ही हे व्याख्यान पत्करले. वडिलांच्या ३१ फोटोंच्या मोठ्या प्रती आम्ही काढल्या आहेत. प्रत्येकीखाली जुना नंबर आहे आणि पुढे कोरी जागा सोडली आहे. उद्यापासून महिनाभर त्या दुकानाच्या दर्शनी कपाटात आणि आतल्या भिंतीवर लावलेल्या राहतील. आपणांपैकी ज्यांचे वय आज पासष्ट-सत्तरच्या पुढे आहे, किंवा ज्यांच्या घरी खडीवर गेलेली आजी, मावशी, चुलती अजून आहे, त्यांनी एकदा येऊन पाहावे. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या ठेवल्या आहेत, आणि ज्यांना येणे जमत नाही त्यांच्याकडे आमचा पुतण्या फोटो घेऊन घरी येईल. एखादा चेहरा ओळखू आला तर नाव सांगावे. नाव आठवत नसेल तर गाव सांगावे. अमक्याची सून होती, एवढे सांगितले तरी चालेल. मुकादमाला कोणी ओळखले तर त्याचेही लिहून घेऊ. त्या बाई दर गुरुवारी, बाजारच्या दिवशी, येऊन विचारून जातात. दुकान सकाळी दहा ते दोन आणि सायंकाळी पाच ते नऊ उघडे असते. वही टेबलावरच आहे.